तेच घर दुसऱ्यांदा जामिनाला

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना 'स्टेकिंग' हा शब्द ओझरता येऊन गेला, आणि महिनाभर बहुतेक पत्रं त्याच विषयावरची आली. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देते. नव्या वाचकांसाठी सांगते: मी सहकारी पतसंस्थेत सव्वीस वर्षं कर्जविभागात काम केलं, त्यातली बरीच वर्षं डिचोली भागात. आता फोंड्याला घरी असते. इथेरियम या क्रिप्टो जाळ्याशी (त्याचं नाणं ते इथर) माझी ओळख भाच्यामुळे झाली. तो आणि त्याचे तीन मित्र पैसे जमवून बांदिवड्याच्या घरी एक व्हॅलिडेटर चालवतात. त्याची हिशेबाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे जे लिहिते ते वही समोर ठेवून लिहिते.

मुलगा पुण्याला असतो. त्याने इथर घेऊन 'स्टेक' केलं आहे. 'बाबा, एफडीच समजा, तीन टक्के व्याज मिळतं,' असं सांगतो. खरंच ही एफडी आहे का?
— निवृत्त शिक्षक, डिचोली

गुरुजी, ही एफडी नव्हे. एफडीत आपण बँकेला पैसे वापरायला देतो, बँक ते पुढे कर्जाऊ देते आणि त्या व्याजातला वाटा आपल्याला मिळतो. स्टेकिंगमध्ये तुमचं इथर कोणी कर्जाऊ नेत नाही. ते अनामत म्हणून अडकवलेलं असतं. ठेकेदार रस्त्याचं काम घेताना खात्याकडे अनामत भरतो ना, तसं. काम चोख झालं तर मोबदला, लबाडी केली तर अनामत जप्त.

काम कोणतं, तेही सांगते. इथेरियम म्हणजे हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली एक सामायिक वही. दर 12 सेकंदांनी तिला एक नवं पान जोडलं जातं. पान कोणी लिहायचं ते सोडतीनं ठरतं आणि बाकीचे 'हे पान बरोबर आहे' अशी साक्ष देतात. लिहिणारे आणि साक्ष देणारे ते व्हॅलिडेटर. प्रत्येकाची किमान अनामत 32 इथर. अशा 32 पानांचा एक 'एपॉक' होतो, म्हणजे 6.4 मिनिटं, आणि प्रत्येक व्हॅलिडेटरला एका एपॉकमध्ये एकदा साक्ष द्यावीच लागते. पान लिहायची पाळी मात्र क्वचित येते. दिवसाला 7200 पानं होतात. व्हॅलिडेटर दहा लाख धरले तर एकाची पाळी सरासरी साडेचार महिन्यांनी. भाच्याची पहिली पाळी आली तेव्हा पहाटे त्याचा फोन आला होता, घरात कोणाचं काही बरंवाईट झालं की काय असं वाटून मी धडपडत उठले.

वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालतं, कारण भजनी पथकं आळीपाळीनं उभी राहतात. कोणा एकाच्या गळ्यावर ते अवलंबून नसतं. 15 सप्टेंबर 2022 पासून इथेरियम असं पाळी लावून चालतं. त्याआधी पान लिहायचा हक्क मिळवायला संगणक रात्रंदिवस वीज जाळत होते. तो खर्च 99 टक्क्यांहून जास्त घटला.

आता तुमचे 'तीन टक्के'. हा मोबदला दोन ठिकाणांहून येतो: इथेरियम स्वतः काही नवं इथर निर्माण करतं ते, आणि व्यवहार करणारे फी देतात ती. अनामत भरणारे वाढले की प्रत्येकाच्या वाट्याचा दर उतरतो, म्हणून हा दर ठरीव नाही. आणि मोबदला इथरमध्ये मिळतो. इथरचा भाव निम्म्यावर आला तर तीन टक्क्यांनी काही सावरत नाही. बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंत ठेव विमा असतो, इथे तसलं काही नाही. माझ्या वडिलांची आयुष्यभराची पुंजी एका नागरी बँकेत अडकली होती, त्यामुळे विमा असणं-नसणं ही माझ्या लेखी पहिली गोष्ट आहे. मुलाला विचारा की इथरच्या किल्ल्या, म्हणजे ते हलवायचे गुप्त पासवर्ड, त्याच्याकडे आहेत की कोणा कंपनीकडे. उत्तर द्यायला तो अडखळला, तर तुमचे पैसे स्टेकिंगच्या आधीच कंपनीच्या भरवशावर आहेत.

सत्तरीत पावसाळ्यात वीज किती जाते ते तुम्हाला माहीतच आहे. घरी व्हॅलिडेटर लावला आणि रात्रभर बंद पडला तर 32 इथर जातील का?
— तरुण वाचक, वाळपई

जाणार नाहीत. बंद पडणं आणि लबाडी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथेरियम त्या वेगळ्याच मोजतं. बंद असताना साक्षी हुकतात: त्यांची कमाई जाते, वर जवळपास तितकीच रक्कम कापली जाते. एक दिवस बंद राहिलात तर ते साधारण पुढच्या एक-दोन दिवसांत भरून निघतं.

गेल्या जुलैतली एक रात्र सांगते. बांदिवड्याला साडेनऊला वीज गेली. इन्व्हर्टर सव्वाअकरापर्यंत टिकला. यंत्र जेवणाच्या डब्याएवढं आहे, माजघरात माझ्या बहिणीच्या शिवणयंत्राशेजारी फळीवर असतं. त्यावरचा हिरवा दिवा विझला आणि घरात बेडकांच्या आवाजाशिवाय काही राहिलं नाही. भाच्याचा एक भागीदार म्हार्दोळला राहतो, त्याच्याकडे वीज होती. तो फोनवर म्हणाला, 'माझ्या लॅपटॉपवर किल्ल्यांची प्रत आहे, इकडून सुरू करतो.' भाच्यानं त्याला स्पष्ट नाही म्हटलं. एक वाजून चाळीस मिनिटांनी वीज आली आणि यंत्र कोणी हात न लावता आपोआप सुरू झालं, कारण ते तसंच लावलेलं आहे. त्या क्षणी म्हार्दोळचा लॅपटॉपही चालू असता, तर एकाच व्हॅलिडेटरच्या नावे एकाच पाळीत दोन ठिकाणांहून सह्या पडल्या असत्या. इथेरियमच्या लेखी ती लबाडीच. वीज गेली होती हे त्याला कळत नाही.

या शिक्षेला 'स्लॅशिंग' म्हणतात. ती तीन गुन्ह्यांना होते: एकाच पाळीत दोन पानं लिहिणं, एकाच टप्प्यासाठी दोन वेगळ्या साक्षी देणं, आणि आधीच्या साक्षीला वळसा घालणारी साक्ष देणं. मे 2025 मधल्या पेक्ट्रा सुधारणेनंतर सुरुवातीची कात्री बरीच लहान झाली: अनामतीचा 4096 वा भाग. पूर्वी 32 वा भाग, म्हणजे पुरतं एक इथर जायचं. पण गोष्ट तिथे संपत नाही. तुम्हाला सक्तीनं बाहेर काढलं जातं, पैसे सुमारे 36 दिवस अडकतात, आणि त्याच सुमारास आणखी किती जण स्लॅश झाले त्यावर दुसरा दंड ठरतो. एकटे चुकलात तर तो नगण्य असतो. एकूण अनामतीच्या एक तृतीयांश भाग एकदम चुकला तर सगळी रक्कम जाते. एकट्याची चूक गफलत असू शकते, शेकडोंची एकाच वेळी झालेली चूक म्हणजे कट, हा त्यामागचा हिशेब. मला तो पटतो.

त्या रात्री बावीस-तेवीस साक्षी हुकल्या. वहीत मांडलेला तोटा दोघांच्या पातळभाजी-पावाच्या बिलाएवढा होता. दुसऱ्या दिवशी भाच्यानं फळीवर स्केचपेननं लिहून कागद चिकटवला: 'दुसरं यंत्र सुरू करण्याआधी पहिल्याची वायर हातात घे.' वायर हातात घेतल्यावरही ते तीन एपॉक, म्हणजे जवळपास वीस मिनिटं थांबतात, आपल्या नावाची साक्ष कुठून येत नाही ना ते बघतात आणि मगच दुसरं यंत्र चालवतात. सह्यांची नोंद ठेवणारी फाइलही जुन्या यंत्रातून नव्यात न्यायची असते. वाळपईत तुम्ही चांगला इन्व्हर्टर आणि मोबाइलचा डोंगल एवढं ठेवा. जोडीला दुसरं यंत्र सतत चालू ठेवायच्या फंदात पडू नका.

एक अपवाद लक्षात असू द्या. एक तृतीयांशाहून अधिक व्हॅलिडेटर एकाच वेळी गायब झाले, तर वहीतली पानं पक्की होणं थांबतं आणि ते लांबलं की बंद असलेल्यांची कपात वाढत जाते. मे 2023 मध्ये 11 आणि 12 तारखेला असा खंड थोडा वेळ पडला होता. काही सॉफ्टवेअरवर ताण आला होता. म्हणून सगळे वापरतात तेच सॉफ्टवेअर घेऊ नका, कमी लोकांचं पण मुरलेलं घ्या.

मला पैशांची निकड आहे. काढायला गेलो तर 'रांगेत आहे' असं दाखवतं. माझेच पैसे मला का मिळत नाहीत?
— दुकानदार, म्हापसा

तुमची चडफड समजते. कर्जविभागात मी जामीनदार बघितले आहेत, त्यावरून सांगते. हप्ता थकणार याची कुणकुण लागल्यावर जामीनदाराला येऊन 'माझी सही परत द्या' म्हणता आलं असतं, तर त्या सहीला काय किंमत राहिली असती? अनामतीचंही तसंच आहे. लबाडी करून त्याच दिवशी अनामत उचलून निघून जाता येऊ नये, आणि सगळे एकदम निघून गेल्यानं वही उघडी पडू नये, म्हणून बाहेर पडायचं दार अरुंद ठेवलेलं आहे. सध्या एका एपॉकमध्ये 256 इथर बाहेर पडू शकतात, दिवसाला 57,600. गर्दी नसली तर रांग लवकर सरते. सप्टेंबर 2025 मध्ये ती 40 दिवसांच्याही पुढे गेली होती. पाळी आल्यावर आणखी सुमारे 27 तास, आणि मग रक्कम पत्त्यावर पडायला काही दिवस. इथेरियमसारख्या दुसऱ्या साखळ्यांचे (ब्लॉकचेनचे) नियम दुसरे: कॉसमॉसवर सरळ 21 दिवस.

तुम्ही अॅपमधून स्टेक केलं असेल तर त्या कंपनीची स्वतःची अट वर असते. ती वाचा. आणि दुकानाचं खेळतं भांडवल यात पुन्हा घालू नका, हे कळकळीनं सांगते.

स्टेक केल्यावर बदल्यात 'स्टीईटीएच' नावाचं टोकन मिळालं. ते कधीही विकता येतं म्हणतात. मग रांगेचा प्रश्नच मिटला ना?
— वाचक, वास्को

अर्धा मिटला. लिडोसारख्या सेवा अनेकांचं इथर गोळा करून व्यावसायिक चालकांकरवी व्हॅलिडेटर चालवतात आणि तुम्हाला पावती देतात. त्या पावतीचं नाव स्टीईटीएच. 32 इथर नसलेल्यांना ही सोय खरीच उपयोगी आहे. पण पावती विकायला कोणीतरी घेणारा लागतो, आणि घाबरलेल्या बाजारात घेणारा दर पाडून मागतो. जून 2022 मध्ये स्टीईटीएच इथरच्या पाच-सहा टक्के खाली विकलं जात होतं. तेव्हा अनामत परत काढायची सोयच सुरू झालेली नव्हती. ती 12 एप्रिल 2023 ला आली. ज्यांना घाई नव्हती त्यांचं काही गेलं नाही. ज्यांनी ती पावती तारण ठेवून कर्ज उचललं होतं, त्यांतल्या अनेकांना मात्र ती पडेल भावात विकावी लागली.

रिस्टेकिंग केलं की स्टेकिंगचं मिळतं ते मिळतंच, वर आणखी मिळतं, आणि पैसे तेवढेच अडकतात. फुकटचं का सोडावं?
— इंजिनियर, मडगाव

रिस्टेकिंग म्हणजे तीच अनामत आणखी एका कामाला जामीन लावणं. हे उत्तर लांबणार आहे.

खाणी भरात होत्या तेव्हा डिचोली-साखळी पट्ट्यात घरटी एक ट्रक म्हणावा अशी स्थिती होती. ट्रकच्या कर्जाला आम्ही दोन जामीनदार मागायचो. जामीनदार कोण? दुसरा ट्रकवाला. तो याला जामीन, हा त्याला जामीन, दोघं मिळून तिसऱ्याला. कागदावर प्रत्येक कर्जाला भक्कम आधार दिसायचा. मयेतलं एक घर चार फायलींत होतं. चारही फायलींत त्याची पूर्ण किंमत धरलेली. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारनं खाणकाम थांबवलं, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि सगळे ट्रक एकाच वेळी उभे राहिले. एकाचा हप्ता थकला म्हणून दुसऱ्याकडे जावं, तर त्याचाही ट्रक घरासमोर, टायरांत गवत वाढलेलं. मयेच्या त्या घरातला मुलगा आईला घेऊन शाखेत आला होता. आई मला म्हणाली, 'बाय, सही त्याची. मग घर माझं कसं जातं?' त्या चार मंजुऱ्यांतल्या दोनांवर माझी सही आहे. फायलीत बसणारं उत्तर माझ्याकडे होतं, त्या बाईला देता येईल असं नव्हतं.

रिस्टेकिंगचं पहिलं वर्णन वाचलं तेव्हा मला तीच फाइल आठवली. आता ते काय आहे ते नीट सांगते, कारण कल्पना वाईट नाही.

इथेरियमवर एखादी नवी सेवा उभी करायची आहे: माहिती साठवणारी, बाहेरचे भाव साखळीवर आणणारी किंवा दोन साखळ्या जोडणारी. तिलाही प्रामाणिक राखणदार हवेत, आणि प्रामाणिकपणाला अनामत हवी. शून्यातून ती जमवणं नव्या सेवेला जड जातं. वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राध्यापक श्रीराम कण्णन यांनी आयगनलेअर काढलं ते यावर उपाय म्हणून. इथेरियमकडे अडकवलेली अनामतच या सेवांनाही जामीन म्हणून लावायची. काम करणाऱ्याला ऑपरेटर म्हणतात. आपण आपली अनामत त्याच्या हवाली करतो, तो सेवा निवडतो, सेवा मोबदला देते. जून 2023 मध्ये तिथे ठेवी घेणं सुरू झालं, एप्रिल 2024 मध्ये पहिली सेवा चालू झाली, आणि सेवेला दंड करण्याची, म्हणजे स्लॅशिंगची सोय एप्रिल 2025 मध्ये आली. हा क्रम बघा. जवळपास दोन वर्षं लोक रिस्टेकिंगचे 'पॉइंट' (पुढे काही मिळेल या आशेनं जमवलेले गुण) मोजत होते आणि जामीनपत्रावर दंडाचं कलम अजून लिहायचं होतं. त्या दिवसांत 'काही झालं नाही' हा अनुभव आज पुरावा म्हणून कोणी सांगितला, तर मानू नका.

म्हणून तुमच्या 'फुकट' या शब्दाला माझी हरकत. वरची कमाई ही जामीन राहण्याची किंमत आहे. पैसे तेवढेच अडकतात हे खरं, पण त्यांवर हात टाकू शकणारे वाढतात. गावात जमीन घेताना आपण वन-फोर्टीनचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा बघतो, सब-रजिस्ट्रारकडून निल इन्कम्ब्रन्स, म्हणजे बोजा नसल्याचा दाखला, मागतो. जमिनीचं क्षेत्र बोज्यानं कमी होत नाही, तरी बोजा असलेल्या जमिनीला आपण तोच भाव देत नाही.

आयगनलेअरनं हा बोजा निदान मोजता येईल असा केला आहे. स्लॅशिंग आणताना त्यांनी नियम ठेवला की ऑपरेटरनं अनामतीचा कोणता हिस्सा कोणत्या सेवेला ते वाटून द्यायचं, आणि एका हिश्श्यावर एका वेळी एकाच सेवेला हात टाकता येईल. मयेचं घर चार फायलींत पूर्ण किमतीनं लागलं, तसं तिथे दोन सेवांत होत नाही. ही सुधारणा मला मनापासून आवडली. तरी इथेरियमचा हक्क त्या सगळ्यावर आहेच. एक इथेरियमचा आणि दुसरा सेवेचा, असे दोन बोजे राहतात. बाहेर पडायलाही इथेरियमच्या रांगेशिवाय आयगनलेअरचे स्वतःचे 14 दिवस आहेत.

आणि मग त्यावर चढलेले मजले. इथर लिडोला दिलं, पावती मिळाली. ती पावती रिस्टेक केली, त्याची दुसरी पावती मिळाली. ती तारण ठेवून कर्ज काढलं, कर्जाच्या पैशांनी आणखी इथर, पुन्हा तेच. लोक याला 'लूपिंग' म्हणतात. 24 एप्रिल 2024 ला रेन्झो या सेवेच्या ईझेडईटीएच नावाच्या पावतीचा भाव बाजारात एकाएकी कोसळला. त्यांचं नवं टोकन कसं वाटणार ते जाहीर झालं होतं, नाराज लोक विकत सुटले, आणि पावती देऊन मूळ इथर परत घेण्याची सोय तेव्हा सुरूच झालेली नव्हती. मागचं इथर जागच्या जागी होतं. कोणी स्लॅशही झालं नव्हतं. तरीही ज्यांनी लूपिंग केलं होतं त्यांतल्या अनेकांचं तारण तासाभरात विकलं गेलं. खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकही असेच धडधाकट होते.

इथेरियमचे जनक विटालिक ब्यूटेरिन यांनी मे 2023 मध्येच एक लेख लिहून हद्द आखून दिली होती. तीच अनामत आणखी कामाला लावणं त्यांना मुळात गैर वाटत नाही. पण एखादी सेवा बुडाली म्हणून सगळ्या इथेरियमनं वहीच बदलून तिला वाचवावं अशी अपेक्षा कोणी धरू नये, असं त्यांनी बजावलं. म्हणजे तुमच्या निवडीची झळ तुम्हालाच.

तुम्ही इंजिनियर आहात, वाचून घ्याल. ऑपरेटर कोणत्या सेवांना किती हिस्सा वाटतो ते साखळीवर उघड दिसतं. ही गोष्ट आमच्या पतसंस्थेपेक्षा कितीतरी बरी, आमच्याकडे तर दुसऱ्या शाखेतला जामीनही दिसत नव्हता. सेवेचं स्लॅशिंगचं कलम शोधा: कशासाठी, जास्तीत जास्त किती, आणि चुकून झाला तर तो रद्द करणारं कोणी आहे का. मोबदला इथरमध्ये आहे की सेवेच्या कालपरवा काढलेल्या टोकनमध्ये, ते बघा. दुसरं असेल तर त्याची किंमत मी हिशेबात शून्य धरते. भाच्यानं आणि मित्रांनी मला विचारलं होतं. मी वहीत दोन्ही बाजू मांडून दाखवल्या आणि म्हटलं, 32 इथर आहेत तसे राहू द्या. त्यांनी राहू दिले.

एकच मोठा ऑपरेटर दहा-दहा सेवा सांभाळतो. अनुभवी माणसाकडे जास्त काम असणं चांगलंच ना?
— शेतकरी, शिरोडा

भाऊ, तुमच्या गावात खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली शेतं) आहेत, त्यामुळे तुम्हाला दोन वाक्यांत सांगता येईल. मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, बांधली ती भातासाठी: भरतीचं खारं पाणी बाहेर ठेवायचं, ओहोटीला आतलं पाणी सोडायचं. त्याच मानशीच्या तोंडाशी मासळी मिळते म्हणून तिचा लिलाव होऊ लागला, आणि मासळीच्या पैशांवर बांधाची डागडुजी झाली तोवर ते उत्तमच होतं. पण लिलाव घेणारा जास्त मासळीसाठी दार वेळेपेक्षा जास्त उघडं ठेवू लागला की खारं पाणी शेतात शिरतं आणि बांध पोखरतो. ऑपरेटरनं दहा सेवा घेतल्या तर त्याला दहा सॉफ्टवेअरं, दहा वेळापत्रकं सांभाळायची असतात, आणि एका यंत्रणेतली चूक दहा ठिकाणी उमटू शकते. त्याचं मूळ काम इथेरियमची साक्ष. ते तो किती चोख करतो हे आधी बघा.

यावर कर कसा लागतो?
— वाचक, पेडणे

विकून झालेल्या नफ्यावर सरसकट 30 टक्के, वर सेस. हे 1 एप्रिल 2022 पासून. 1 जुलै 2022 पासून विक्रीच्या रकमेवर 1 टक्का टीडीएसही कापला जातो. एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. स्टेकिंगचा मोबदला थेंबाथेंबानं येतो. भाच्याचा सीए तो मिळाल्या दिवशीच्या रुपयांतल्या भावानं उत्पन्नात धरतो आणि पुढे विकताना तीच खरेदीची किंमत समजतो. म्हणून तारीख, रक्कम आणि त्या दिवशीचा भाव अशी तीन रकान्यांची वही आजच सुरू करा आणि तुमच्या सीएला दाखवा. मार्चमध्ये मागचे भाव शोधत बसणं फार जिकिरीचं होतं.

एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'रिस्टेकिंग प्लॅन' आहे, रोज 2 टक्के. मी 40,000 भरले. अॅपवर 71,000 दिसतात, पण काढायला गेले तर आधी 12,000 'टॅक्स' भरा म्हणतात. घरी अजून सांगितलेलं नाही. भरू का?
— गृहिणी, कुडचडे

ताई, एक रुपयाही भरू नका. हे रिस्टेकिंग नव्हे, ही फसवणूक आहे, आणि ते 71,000 फक्त पडद्यावरचे आकडे आहेत. खऱ्या स्टेकिंगमध्ये वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास मिळतं. रोजच्या 2 टक्क्यांनी पैसे 35 दिवसांत दुप्पट आणि वर्षात हजारपटीहून जास्त व्हायला हवेत. तसं कुठलीही साखळी देऊ शकत नाही. खऱ्या साखळीत पैसे काढताना कोणी आधी टॅक्स मागत नाही. कर आपण आपल्या विवरणपत्रात सरकारला भरतो, ग्रुपच्या अॅडमिनला नव्हे.

त्यांनी तुमच्याकडून वॉलेटची (टोकन ठेवायच्या अॅपची) गुप्त किल्ली असलेली बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांची यादी घेतली असेल, तर त्या वॉलेटमध्ये उरलेलं सगळं आत्ताच नवं वॉलेट काढून त्यात हलवा. ग्रुप सोडू नका, चॅट पुसू नका. ज्या खात्यावर पैसे पाठवले त्याचा नंबर, तारीख, यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) आणि अॅपचे स्क्रीनशॉट एका ठिकाणी ठेवा. मग 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि बँकेच्या शाखेत जाऊन तो दाखवा. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येऊ शकतं, म्हणून हे पत्र छापून येईपर्यंत थांबायचं नव्हतं. तुमचं पत्र मिळालं त्याच दुपारी मी तुम्हाला फोन केला होता, तो लागला नाही. वाचत असाल तर आधी 1930 लावा, मग यजमानांना सांगा. सांगताना सोबत कोणी हवं असेल तर संपादकांकडे माझा नंबर आहे, मी कुडचड्याला येईन.